नवे पत्ते तयार, पण घोडे अडले कुठे?

इंटरनेटवर माहितीची देवाणघेवाण करायची तर पत्ता लागतो. ‘आयपीव्ही ४’ या जुन्या पद्धतीत असे सुमारे ४३० कोटीच पत्ते आहेत. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे २०११ मध्ये वाटून झाले. जवळपास न संपणारे पत्ते देणारी ‘आयपीव्ही ६’ पद्धत तर १९९८ मध्येच आली. मग अडले कुठे?

जुन्या पत्त्यावरचे उपकरण नव्या पत्त्याशी थेट बोलू शकत नाही. त्यामुळे कंपन्यांना दोन्ही पद्धती सांभाळाव्या लागतात. खर्च आज, फायदा उद्या! म्हणून एकाच पत्त्यावर अनेक ग्राहक बसवण्याचा स्वस्त तोडगा निघाला. पण त्यातल्या एकाच्या उपद्व्यापामुळे एखाद्या वेबसाइटने तो पत्ता रोखला, की बाकीच्यांनाही दार बंद. सायबर गुन्ह्याचा माग काढणेही अवघड होते.

२०१६ मध्ये जिओचे ४जी आले, तेव्हापासून मोबाइलवर भारत आघाडीच्या देशांत आहे. मागे आहेत त्या अनेक वेबसाइट, कार्यालये आणि घरातले जुने राउटर. ‘ग्राहक मागत नाहीत’ ही सबब पटणारी नाही. नळाला पाणी हवे म्हणणाऱ्याने पाइप कोणता, हेही सांगायचे का? सरकारने निदान स्वतःच्या वेबसाइट आणि खरेदीच्या निविदांपुरती तरी ही अट काटेकोरपणे पाळावी.