दप्तर त्यांचे, पुरावा मात्र आम्ही आणायचा!

प्रवेशाचे दिवस आले की जात पडताळणी समितीच्या दारात आमच्या समाजबांधवांची रांग लागते. मुलाला मार्क आहेत, जातीचा दाखलाही आहे. अडते ते एका कागदावर. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा! अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशी निघाला म्हणून ही तारीख. विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आणि राज्याच्या जात पडताळणी कायद्याने सिद्ध करण्याचा भार टाकला आहे तो अर्जदारावर. म्हणजे ज्याच्या आजाला शाळेच्या आत बसू दिले नाही, त्याच्या नातवाने आजाचा शाळेचा दाखला आणायचा!

बौद्धांची तऱ्हा आणखी वेगळी. १९५६ नंतर आमच्या बापजाद्यांनी मुलांच्या नावापुढे अभिमानाने 'बौद्ध' लिहिले. १९९० च्या दुरुस्तीने केंद्रानेही बौद्धांना अनुसूचित जातींत धरले. पण त्यासाठी मूळ जात दाखवावी लागते. जी टाकून दिली, तीच दप्तरात हुडकत फिरायचे. ही विटंबना खरी, पण म्हणून हक्क सोडून घरी बसावे असे आम्हाला वाटत नाही.

मग शोधायचे कुठे? शाळेचे रजिस्टर सर्वांना ठाऊक आहे. त्याहून मोलाचे आहे ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात होत आणि जातीचा रकानाही असे. जो कधी शाळेची पायरी चढला नाही, त्याच्या मरणाची नोंद तरी तिथे सापडते. ही पुस्तके बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, काही मोडीत, तर मराठवाड्यात उर्दूतही कागद मिळतात. आडनाव मात्र शोधू नका. कारकुनाने आमच्या माणसांना आडनाव दिलेच नाही. 'सटव्या बिन भिव्या महार' एवढ्यावर काम उरकले. तो सटव्या आपलाच पणजा, हे वंशावळ आणि शपथपत्राने जोडावे लागते. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून चार पिढ्यांची नावे आजच लिहून घ्या.

दुसरी जागा वतनाची. महार वतन म्हणजे गुलामी, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. पण जुन्या फेरफारांत 'महार वतन', 'इनाम वर्ग ६ ब' असे शेरे राहिले आहेत. ज्या जमिनीने आम्हाला राबवले, तिचा उतारा निदान साक्षीला तरी येऊ द्या. मुंबईला आलेल्यांनी गिरणी, गोदी, रेल्वे यांतील नोकरीचे जुने कागदही पाहावेत. जनगणनेच्या मागे मात्र लागू नये. जनगणना कायद्याप्रमाणे तिची व्यक्तिगत माहिती बघायला मिळत नाही. आणि वडिलांकडील रक्ताच्या नातेवाईकाला वैधता मिळालेली असेल, तर ती आधी जोडा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० सालीच तिचे वजन मान्य केले आहे.

नक्कल मागितली की ठरलेले उत्तर येते, 'अभिलेख जीर्ण झाला आहे' किंवा 'आढळून येत नाही'. हे उत्तर तोंडी घेऊ नका. २००५ च्या माहिती अधिकारात लेखी अर्ज करा, दप्तर स्वतः पाहण्याची मागणी करा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास अपील करा. नष्ट केले म्हणत असतील तर कोणत्या आदेशाने, कोणत्या यादीप्रमाणे नष्ट केले, त्याची प्रत मागा. पुष्कळदा त्यानंतर पुस्तक 'सापडते', हा आमचा वकिलीतला अनुभव आहे.

पण हा सगळा खटाटोप एकेकट्या मजुराने का करावा? २०२३ साली कुणबी नोंदींसाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. महसूल, शिक्षण, तुरुंग अशा अनेक खात्यांची दप्तरे उघडली गेली, मोडी-उर्दूचे जाणकार बसवले गेले आणि ५४ लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे शासनाने २०२४ च्या जानेवारीत सांगितले. त्याला आमचा विरोध नाही. सवाल एवढाच की, त्याच कोतवाल बुकांत, त्याच पानांवर, कुणबी नोंदीच्या खालच्या ओळीत महार, मांग, चांभार, ढोर यांच्याही नोंदी आहेत. पान उघडले, वाचले, पण आमची ओळ सोडून दिली. आणि ज्यांना गावच नव्हते, त्या भटक्यांसाठी तर एवढेही झाले नाही.

जी पाने एकदा वाचून झाली आहेत, त्यांतील सर्व जातींच्या नोंदींची गाववार यादी करून प्रत्येक जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावी, ही मागणी तालुक्या-तालुक्यातून लेखी गेली पाहिजे. निवेदनाची पोच घ्यायला विसरू नये.