मालाला कवच, माणूस मात्र उघडा!

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि वाशी, नेरुळ, खारघर, पनवेल येथील कुटुंबांच्या जणू दारापर्यंत विमान आले. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडे जाणारे आईबाप या नगरीत थोडे नाहीत. पै पै साठवून ते तिकीट काढतात, जोडीला प्रवासविम्याचा हप्ता भरतात आणि निश्चिंत होतात. ही निश्चिंतता किती पोकळ आहे, हे अलीकडच्या युद्धांनी दाखवून दिले आहे. म्हणूनच हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला तेव्हा उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीला बंद झाले. पुढच्याच महिन्यात इस्रायल व इराण यांच्यात युद्ध जुंपले आणि २३ जून रोजी कतारने आपली हवाई हद्द बंद केली. युरोप-अमेरिकेला जाणारे आपले कितीतरी प्रवासी दोहामार्गे जातात. ज्यांचा त्या भांडणाशी सुतराम संबंध नव्हता, त्यांचाही प्रवास असा अर्ध्यावर तुटला. विमान कंपनीने उड्डाण रद्द केले तर तिकिटाचे पैसे किंवा पर्यायी उड्डाण तिच्याकडे मागता येते. परंतु हॉटेलचे भाडे, पुढच्या प्रवासाचे वेगळे तिकीट, अडकून पडल्यावर होणारा रोजचा खर्च, हा भुर्दंड कोणी सोसावयाचा? प्रवासी विमापत्र उघडतो आणि तेथे त्याला एक कलम आढळते : युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कृती, मग ती युद्धघोषणेसह असो वा नसो, यांतून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष उद्भवणाऱ्या हानीस कंपनी जबाबदार नाही. त्यातील ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द एवढा ऐसपैस आहे की हजार मैलांवर पडलेल्या क्षेपणास्त्रापायी चुकलेले विमानही त्यात बसविता येते.

विमा कंपन्यांची बाजू अगदीच खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि आपत्ती आलेल्या मोजक्यांना त्यातून भरपाई मिळावी, हे विम्याचे मूळ सूत्र. युद्धात आपत्ती एका दिवशी हजारोंवर कोसळते. तिचा हिशेब आधी मांडता येत नाही. एकट्यादुकट्या कंपनीने हे ओझे उचलावे, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून होणार नाही. परंतु कंपनीला जे झेपत नाही ते कोणालाच झेपत नाही, हा निष्कर्ष मात्र आम्हांला मान्य नाही. आपल्याच देशाचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

दुसऱ्या महायुद्धात १९४० साली सरकारने व्यापारी मालासाठी युद्धजोखमीच्या विम्याचा वटहुकूम काढला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा नुकसानभरपाईसाठी त्याच वर्षी खास वटहुकूम निघाला. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ मध्ये माल आणि कारखाने यांच्या विम्यासाठी दोन कायदे झाले; १९७१ च्या युद्धकाळात त्याच धर्तीवर पुन्हा कायदे झाले. सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर जगातील पुनर्विमा कंपन्यांनी दहशतवादाच्या जोखमीतून अंग काढून घेतले, तेव्हा भारतीय विमा कंपन्यांनी २००२ मध्ये एकत्र येऊन सामायिक निधी उभारला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईतील हॉटेलांचे जे नुकसान झाले, त्याचे दावे याच निधीने भागविले. कापसाच्या गाठीला, गिरणीला आणि हॉटेलाच्या इमारतीला जे कवच देता आले, ते माणसालाच का देता येऊ नये?

संकटात सापडलेल्या नागरिकांना सरकार सोडवून आणतेच, असे यावर सांगितले जाईल. ते खरे आहे, आणि त्याचा आम्हांला अभिमानही आहे. युक्रेनमधून सुटलेल्या २१९ जणांना घेऊन पहिले विमान २६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईतच उतरले होते. परंतु सुटकेने प्राण वाचतात, बुडालेली पुंजी परत मिळत नाही. शिवाय आम्ही धर्मादाय मागत नाही. प्रवासविम्याच्या प्रत्येक हप्त्यातून अल्प रक्कम वेगळी काढून सर्व कंपन्यांचा एक निधी उभारावा आणि त्याच्या पाठीशी सरकारने हमी द्यावी, एवढीच आमची मागणी आहे. सरकारने जाऊ नका म्हणून बजावल्यानंतरही जो रणभूमीकडे जाईल, त्याला या निधीतून खुशाल वगळावे.

हे होईपर्यंत निदान लपवाछपवी तरी थांबावी. युद्धाचे कलम विमापत्राच्या अखेरीस बारीक अक्षरांत न दडविता पहिल्याच पानावर, ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत, मराठी माणसासाठी मराठीत, छापण्याची सक्ती विमा नियामक प्राधिकरणाने करावी. वाचकांनीही हप्ता भरण्यापूर्वी हे कलम वाचावे. युद्ध पेटल्यानंतर घेतलेला विमा त्या युद्धापुरता बहुधा निरुपयोगी ठरतो, हे ध्यानात ठेवावे. आणि परदेशी अडकल्यास मुदत संपण्यापूर्वीच वाढवून मागावी, कारण युद्धाशी संबंध नसलेल्या आजारपणाचे संरक्षण तरी त्यामुळे टिकू शकते. दावा नाकारला गेल्यास लेखी कारण मागावे, कंपनीकडे तक्रार करावी, आणि महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा होतो.

विमानतळ बांधणे हे राज्यकर्त्यांच्या कर्तृत्वाचे लक्षण खरेच. परंतु त्या विमानतळावरून निघालेला सामान्य माणूस वाटेत परक्यांच्या युद्धाने अडला, तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, याचे उत्तर देणे हेही त्यांचेच कर्तव्य आहे. ते उत्तर पुढच्या युद्धापूर्वी मिळाले पाहिजे.