पेलेटची शेगडी आणि घरातला दम्याचा रुग्ण: गोणी विकत घेताना काय तपासाल?

तुमची मुलगी किंवा मुलगा जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा इटलीत राहतो. हिवाळ्यात आई-बाबा तिकडे जाणार आहेत. बाबांना दमा आहे, आईची अँजिओप्लास्टी झालेली आहे. घर उबदार ठेवण्यासाठी तिथे पेलेटची शेगडी आहे. अशा वेळी कुटुंबीय विचारतात, ‘डॉक्टर, ही शेगडी चालेल ना?’ याचे उत्तर फक्त शेगडीवर अवलंबून नाही. शेगडीत काय जळते, यावरही ते तितकेच अवलंबून आहे.

पेलेट म्हणजे काय?

लाकडाचा भुसा वाळवून, मोठ्या दाबाखाली दाबून केलेल्या या बारीक कांड्या असतात. लाकडातलाच लिग्निन हा घटक उष्णतेने मऊ होतो आणि भुसा धरून ठेवतो. कांडी 6 किंवा 8 मिलिमीटर जाडीची असते. शेगडीतली मोटर या कांड्या थोड्या थोड्या करून जाळात सोडते आणि पंखा हवा पुरवतो. त्यामुळे उघड्या लाकडाच्या जाळापेक्षा पेलेटचा धूर बराच कमी असतो. मात्र त्यासाठी पेलेट चांगले हवे.

हा प्रश्न आताच का?

2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर युरोपात गॅस महागला आणि लोक मोठ्या संख्येने पेलेटकडे वळले. त्याच वर्षी युरोपीय संघाने रशियातून येणाऱ्या लाकडावर आणि पेलेटवर बंदी घातली. मागणी वाढली, पुरवठा आटला आणि जर्मनीत पेलेटचा भाव वर्षभरात दुपटीहून अधिक झाला. अशा टंचाईत बनावट ऑनलाइन दुकानांचेही फावले. पुढे भाव उतरले, पण ‘स्वस्त मिळाली म्हणून घेतली’ ही सवय राहिली.

दुसरीकडे शेगड्यांचे नियम कडक झाले. 1 जानेवारी 2022 पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या पेलेट शेगडीच्या धुरात सूक्ष्म कणांची मर्यादा घनमीटरला 20 मिलिग्रॅम आहे. जर्मनीत 2010 पूर्वी बसवलेल्या अनेक जुन्या शेगड्यांना 2024 च्या अखेरपर्यंत नवी मर्यादा पाळणे किंवा बंद होणे भाग पडले. हे चांगलेच झाले. पण शेगडीची चाचणी प्रयोगशाळेत ठरावीक दर्जाच्या इंधनावर होते. घरी ओली, भुगा झालेली गोणी ओतली की तो 20 चा आकडा कागदावरच राहतो. तुमच्या घरात गोणीचा शेवटचा तपासनीस तुम्हीच असता.

शरीराला काय होते?

पेलेट ओलसर असेल, तर जाळाची उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि लाकूड अर्धवट जळते. त्यातून काजळी, सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतात. हे कण फुप्फुसात खोलवर जातात. दमा आणि सीओपीडीच्या रुग्णांचा खोकला व धाप वाढू शकते, हृदयरुग्णांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार हवेतील पीएम 2.5 ची वार्षिक सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी.

लाकूड रंगवलेले किंवा रसायन लावलेले असेल तर धुरात विषारी घटक येऊ शकतात. म्हणून जुन्या फर्निचरचा, प्लायचा भुसा घरच्या शेगडीसाठी नको.

गोणीवर काय वाचाल?

युरोपात ‘एनप्लस’ ही खूण सर्वांत जास्त दिसते. तिचा ‘ए1’ हा दर्जा घरगुती शेगडीसाठी योग्य आहे. त्याच्या मुख्य अटी अशा:

• ओलावा: 10 टक्क्यांपर्यंत
• राख: 0.7 टक्क्यांपर्यंत
• लांबी: 40 मिलिमीटरपर्यंत
• उष्णता: किलोला किमान 4.6 किलोवॅट-तास
• भुगा: कारखान्यातून निघताना गोणीत 0.5 टक्क्यांपर्यंत

राखेचा आकडा लहान दिसतो, पण हिशेब करा. 15 किलोच्या गोणीत 0.7 टक्के म्हणजे साधारण 105 ग्रॅम राख. ‘बी’ दर्जात 2 टक्क्यांपर्यंत मुभा आहे, म्हणजे 300 ग्रॅम. जास्त राखेने हवेची भोके बुजतात आणि जाळ बिघडतो.

खुणेसोबत देशाची दोन अक्षरे आणि क्रमांक छापलेला असतो. तो एनप्लसच्या संकेतस्थळावर शोधा. क्रमांक सापडला नाही किंवा भलत्याच कंपनीचा निघाला, तर ती गोणी घेऊ नका. नुसते ‘प्रीमियम’ किंवा ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

घरी काय पाहाल?

आधी एकच गोणी आणा, पूर्ण हंगामाचा साठा नंतर करा.

1. गोणीच्या तळाशी किती भुगा आहे ते पाहा. मूठभर भुगा चालेल, भांडेभर नको.
2. कांडी मोडून पाहा. ती कट्कन तुटावी, बोटांत चुरू नये.
3. ग्लासभर पाण्यात दोन-तीन कांड्या टाका. चांगली कांडी बुडते आणि काही मिनिटांत फुगून तिचा भुसा होतो. तरंगणारी कांडी सैल दाबलेली असते. ही ढोबळ चाचणी आहे, प्रमाणपत्राला पर्याय नाही.
4. वास घ्या. ताज्या लाकडाचा वास ठीक. रंग, गोंद किंवा बुरशीचा वास आला तर परत करा.
5. रंगावरून दर्जा ठरवू नका. लाकडाच्या जातीनुसार आणि सालीमुळे रंग बदलतो.

मग जाळ पाहा. ज्योत पिवळी आणि चपळ असावी. ती लालसर, सुस्त आणि धुरकट झाली, काच काही तासांतच काळी पडली किंवा जाळीत राखेचे कडक खडे साचले, तर पेलेट, हवा किंवा धुराडे यांपैकी काहीतरी चुकते आहे. शेगडी बंद करून तंत्रज्ञाला बोलवा.

ऑक्सिमीटरवर विसंबू नका

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कोविडपासून आपल्या घराघरांत ऑक्सिमीटर आहे. पण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या विषबाधेत नेमका फसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू चिकटला, तरी यंत्र 98 दाखवू शकते. त्यामुळे लक्षणे ओळखा: डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी. घरातल्या अनेकांना एकाच वेळी असा त्रास होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर विषबाधेचा संशय घ्या. सगळ्यांना लगेच बाहेर काढा आणि युरोपात 112 वर फोन करा. रुग्णालयात ऑक्सिजन देऊन हा वायू लवकर बाहेर काढता येतो.

पेलेट न जळताही हा वायू सोडतात. लाकडातील चिकट द्रव्यांची हवेशी क्रिया होऊन बंद कोठारात तो साचतो. 2010 मध्ये जर्मनीत आणि 2011 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अनेक घरांना उष्णता पुरवणाऱ्या मोठ्या कोठारांत शिरलेल्या दोघांचा असा मृत्यू झाला. चार-पाच गोण्यांचा धोका तेवढा नाही. तरी साठा झोपायच्या खोलीत ठेवू नका, कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. इमारतीच्या पेलेट-कोठारात कधीही एकट्याने जाऊ नका.

आई-बाबा पोहोचण्याआधी

• शेगडीच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र लावा. त्यावर ईएन 50291 हा मानक क्रमांक पाहा. धुराचा अलार्म हे काम करत नाही.
• हंगामाआधी धुराडे तपासून घ्या.
• राख शेगडी पूर्ण गार झाल्यावरच काढा आणि झाकणाच्या धातूच्या डब्यात भरा. राख काढताना दम्याच्या रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवा.
• नेहमीची औषधे आणि इनहेलर भारतातून पुरेसे न्या. ‘तिकडची हवा स्वच्छ आहे’ म्हणून इनहेलर बंद करू नका.
• एवढे करूनही शेगडी पेटली की खोकला किंवा धाप वाढत असेल, तर त्या खोलीत दुसरी उष्णतेची सोय करा आणि डॉक्टरांना दाखवा.

स्वस्त गोणीत दोन-तीन युरो वाचतात. घरात दमा, सीओपीडी, हृदयविकार, गर्भवती किंवा तान्हे बाळ असेल, तर ती बचत करू नका.