जो पिईल, त्याने घासावं

घरात नवी वस्तू आली की येणारे-जाणारे तिची किंमत विचारतात, कुठून घेतली ते विचारतात. ती रोज पुसणार कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. अलीकडे शहरातल्या काही घरांत एस्प्रेसोचं यंत्र दिसू लागलं आहे. आमच्याकडेही आहे, मुलाने हौसेने आणलेलं. त्या निमित्ताने हा न विचारलेला प्रश्न आज जरा मोठ्याने विचारावा म्हणते.

आमच्या पिढीला एस्प्रेसो म्हटलं की लग्नातली कॉफी आठवते. सगळे तिला 'एक्स्प्रेसो'च म्हणायचे! कार्यालयाच्या कोपऱ्यात तो चकचकीत बंब, वाफेचा फुस्सss आवाज, कपात फेसाळ दूध आणि वर चिमूटभर पूड. छान लागायची, पण खऱ्या एस्प्रेसोशी तिचं नातं नावापुरतंच. मूळ वस्तू इटलीची. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली वाफेच्या दाबावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आकिले गाजिया यांच्या यंत्रात वाफेऐवजी दट्ट्याचा जोर आला आणि कॉफीवर तो दाट तपकिरी फेस दिसू लागला. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने दांडा ओढायचे कष्ट विजेच्या पंपावर सोपवले. आपल्या ओट्यावरचं यंत्र याच घराण्यातलं. बारीक दळलेल्या कॉफीतून ९० ते ९६ अंश तापलेलं पाणी हवेच्या दाबाच्या सुमारे ९ पट दाबाने ढकलायचं, आणि २५-३० सेकंदांत घोटभर कॉफी कपात!

खरी मेख पुढेच आहे. या दाबाने कॉफीचा अर्क उतरतो, तसं तिचं तेलही उतरतं. ते जाळीला, रबराला आणि यंत्राच्या तोंडाला आतून चिकटतं. तेल शेवटी तेलच. राहिलं की खवट होतं, वरचेवर तापलं की किटण धरतं. मग माणसं बियांना नावं ठेवतात. अहो, बिया चिकमगळूरच्या आणा नाहीतर इथिओपियाच्या. खवट तेलात तळलेली पुरी खवटच लागणार.

दुसरा मळ पाण्याचा. बोअरच्या जड पाण्याने बादलीवर आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच यंत्राच्या पोटात बसतो, फक्त दिसत नाही. हे दोन मळ वेगळे आणि त्यांची औषधंही वेगळी. क्षारांना आम्ल लागतं, तेलाला अल्कली. आपल्या आज्यांना हे शास्त्र शिकवावं लागलं नव्हतं. तांब्याचा हंडा चिंचेने आणि तेलकट कढई राखेने, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यंत्रालाही तोच न्याय. क्षारांसाठी सायट्रिक आम्ल, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, आणि तेलासाठी कॉफीयंत्राची म्हणून मिळते ती पूड. प्रमाण मात्र सोबतच्या पुस्तिकेत बघूनच घ्यावं. बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर आम्लाने तो खराब होऊ शकतो. आणि 'क्षार नकोत ना, मग अगदी निःक्षार पाणीच घालू' असंही चालत नाही. काही यंत्रांत पाण्याची पातळी ओळखणारी जी कांडी असते, तिला पाण्यात थोडे क्षार असल्याशिवाय पाणी कळतच नाही!

रोजचं काम तसं पाच मिनिटांचं. चोथा ठोकून काढायचा, थोडं गरम पाणी सोडून जाळी धुवायची आणि वाफेची नळी त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा एकदा वाफ सोडायची. कारण वाफ बंद झाली की नळी थोडं दूध आत ओढून घेते. त्या नळीत वाळलेलं दूध खरवडून काढण्यापेक्षा पातेल्याची करपलेली साय परवडली. ज्या यंत्रांत उलट्या दाबाची झडप असते, त्यांत अधूनमधून बिनभोकाची वाटी लावून पुडीच्या पाण्याने आतून धुवायचं. बस्स, एवढंच.

पण करायचं कोणी? बऱ्याच घरांतलं उत्तर मी ऐकलं आहे: "मावशींना दाखवून ठेवू." किंवा काही न बोलता ते काम सूनबाईच्या वाट्याला जातं. मला हे मुळीच पटत नाही. मावशी स्वतः चहा पिणाऱ्या. कॉफी खवट झाली हे त्यांना कशाने कळणार? पुस्तिका इंग्रजीत. यंत्र बिघडलं की बोल त्यांना, आणि चांगलं चाललं तर कौतुक कॉफी काढणाऱ्याचं! हा कुठला न्याय? शाळेत माझा एक नियम होता: फळ्यावर जो लिहील, त्यानेच तो पुसायचा. यंत्र आलं त्याच दिवशी मी तो घरात लागू केला. मी स्वतः चहावालीच, तेव्हा कॉफी पिणारे दोघे, मुलगा आणि आमचे हे. वाफेची नळी यांच्याकडे, रविवारची धुलाई मुलाकडे.

कोणी म्हणेल, कामाला माणूस आहे, पगार देतो, मग का नाही सांगायचं? भांडी घासण्याचा पगार भांड्यांचा. हौस आपली, तर हौसेची हमालीही आपली. सतारीच्या तारा वाजवणाराच जुळवतो ना?

आणि यात नुसता न्याय नाही, फायदाही आहे. गेल्या वर्षी यंत्राच्या तोंडाच्या कडेने पाणी गळू लागलं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने ते उघडलंही नाही. "जुनं झालंय, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या," म्हणाला. मुलाने ऐकून घेतलं आणि नुसतं रबर बदललं. कुकरची रिंग कडक झाली की वाफ कडेने जाते, तसाच हा प्रकार. दर रविवारी तिथे ब्रश फिरवणाऱ्या हाताला रबर टणक झालेलं आधीच कळलं होतं. स्वच्छता म्हणजे नुसता मळ काढणं नव्हे, वस्तूची ओळख ठेवणं आहे. ही ओळख दुसऱ्यावर सोपवली की मग कोणीही येऊन आपल्याला काहीही विकू शकतं.

खंडेनवमीला आपण हत्यारं-यंत्रं पुसून त्यांना हळदकुंकू वाहतो. मला वाटतं त्यात पुसणं हीच खरी पूजा, हळदकुंकू तिची पावती.

तेव्हा यंत्र जरूर घ्या, पण दुकानात जाण्याआधी फडकं कोणाच्या हातात असेल ते घरात ठरवा. ठरत नसेल, तर दक्षिणेकडचा तो पितळी किंवा स्टीलचा फिल्टर आणा. दोन डबे, दोन मिनिटांत धुऊन होतात आणि कॉफी फक्कड होते. अर्थात, ते दोन डबेही पिणाऱ्यानेच धुवायचे... बघा पटतंय का!