अर्ध्या किमतीतले आभासी जग : घ्यावे की नाही?

दिवाळी जवळ आली की मोबाइलच्या पडद्यावर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. त्यात अलीकडे एक वस्तू हमखास असते : डोळ्यांवर बांधायचा काळा किंवा पांढरा डबा, आत दोन भिंगे, आणि वर 'आभासी वास्तवाचा अनुभव घ्या' अशी ओळ. मूळ किंमत खोडलेली, खाली लाल अक्षरांत निम्मी किंमत. मग वर्ग सुटल्यावर कोणीतरी विचारतेच, "सर, गेम खेळाले पाह्यजे होता. अर्ध्या किमतीत भेटून रायला. घेऊ का?"

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाला 'घे' किंवा 'नको' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक हजार-दीड हजार रुपयांच्या आतली, जिच्यात तुमचाच मोबाइल सरकवायचा असतो. दुसरी वीस-पंचवीस हजारांपासून पुढची, जिच्यात स्वतःचा पडदा, स्वतःचा संगणक आणि कॅमेरे असतात. दुकानदार दोन्हींना 'व्हीआर' म्हणतो. आपण मात्र आत काय आहे ते पाहिले पाहिजे.

दोन्हींच्या मुळाशी असलेली कल्पना नवी नाही. बारावीच्या प्रयोगशाळेत ज्यांच्या नावाचा सेतू तुम्ही जुळवता (किंवा पुढे जुळवाल), त्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली ती मांडली. आपले दोन डोळे एकमेकांपासून सुमारे ६.३ सेंटीमीटर अंतरावर असतात, म्हणून प्रत्येकाला थोडे वेगळे चित्र दिसते, आणि मेंदू त्या फरकावरून खोली ठरवतो. मग दोन वेगळी सपाट चित्रे दोन डोळ्यांना दाखवली तर? मेंदू फसतो आणि कागदावर खोली दिसू लागते. व्हीटस्टन यांनी यासाठी आरसे वापरले. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगे वापरून सुटसुटीत पेटी केली. १८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात ती व्हिक्टोरिया राणीला आवडली आणि मग तिचा भराभर खप झाला. तुमच्या मोबाइलचा डबा म्हणजे हीच ब्रूस्टर यांची पेटी. कागदाच्या जागी पडदा आला, एवढेच.

भिंग कशासाठी ते पाहा. डोळ्यापासून पाच सेंटीमीटरवर धरलेला पडदा आपल्याला स्पष्ट दिसत नाही. स्पष्ट दृष्टीचे लघुतम अंतर २५ सेंटीमीटर असते हे तुम्ही दहावीत शिकता. म्हणून पडदा बहिर्गोल भिंगाच्या नाभीच्या किंचित आत ठेवतात. समजा, भिंगाचे नाभीय अंतर ४.५ सेंटीमीटर आहे आणि पडदा ४.४ सेंटीमीटरवर आहे. सूत्रात किमती घाला : आभासी प्रतिमा १९८ सेंटीमीटरवर, म्हणजे जवळजवळ दोन मीटरवर मिळते. आता पडदा एकच मिलिमीटर आत, ४.३ सेंटीमीटरवर सरकवा. प्रतिमा ९७ सेंटीमीटरवर येते! स्वस्त डब्यात मोबाइल थोडा हलला किंवा दोन भिंगे सारख्या अंतरावर बसलेली नसली, तर डोळ्यांना का ताण पडतो हे या एका उदाहरणावरून समजेल.

याच गणिताचा एक फायदाही आहे. ऱ्हस्वदृष्टी असलेल्याला भिंग पुढे-मागे करून चष्म्याशिवाय पाहता येते. मात्र दोन डोळ्यांचे नंबर बरेच वेगळे असतील किंवा चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर असेल, तर ही युक्ती चालत नाही.

आता मोठा प्रश्न. दिसते किती स्पष्ट? निरोगी डोळा एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातला तपशील ओळखतो. म्हणजे एका अंशात सुमारे ६० ठिपके असले तर ठिपके जाणवणार नाहीत. साधारण मोबाइलच्या पडद्याचे दोन भाग केले की प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला आडवे हजारेक ठिपके येतात. भिंगामुळे ते सुमारे ९० अंशांवर पसरतात. म्हणजे एका अंशात ११. नेत्रतज्ज्ञाच्या तक्त्याच्या भाषेत सांगायचे तर हे जवळपास ६/३६ झाले : बाकीच्यांना ३६ मीटरवरून वाचता येणारे अक्षर तुम्हाला ६ मीटरवरून वाचावे लागेल. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्धा अंश जागा व्यापतो. या डब्यात तो पाच-सहा ठिपक्यांत संपतो. जाहिरातीत 'फोर के' हा शब्द कितीही मोठा छापलेला असो, भागाकार तुम्ही स्वतः करा. दुसऱ्या प्रकारातल्या क्वेस्ट २ या यंत्रात एका डोळ्यासाठी १८३२ गुणिले १९२० ठिपके आहेत, म्हणजे अंशाला सुमारे २०, तक्त्यावर ६/१८. सुधारणा आहे, पण साध्या डोळ्याच्या बरोबरीला तेही येत नाही.

खेळण्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि जाहिरातीत तिचा उल्लेख क्वचित असतो. मोबाइलमधला घूर्णदर्शी, म्हणजे जायरोस्कोप, तुमचे डोके किती वळले ते सांगतो. (अनेक स्वस्त मोबाइलमध्ये तोही नसतो. डबा घेण्याआधी हे जरूर पाहा. नाहीतर डोके कितीही फिरवा, चित्र जागचे हलत नाही.) पण डोके किती *सरकले*, तुम्ही वाकलात की एक पाऊल पुढे आलात, हे त्याला कळत नाही. त्वरणमापक आहे ना, मग त्वरणावरून अंतर काढता येणार नाही का? काढून पाहू. त्वरण मोजण्यात केवळ ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी चूक राहिली असे धरा. s = ½at² या सूत्राने दहा सेकंदांत अर्धा मीटर चूक होते आणि एका मिनिटात १८ मीटर! तुम्ही जागेवर उभे, आणि यंत्राच्या मते तुम्ही घराबाहेर रस्त्यावर. म्हणूनच महाग यंत्रांना कॅमेरे लावलेले असतात. ते भिंती, खुर्च्या, दाराच्या चौकटी सतत पाहून ही चूक पुसत राहतात. तुम्ही जे पैसे जास्त मोजता, ते मुख्यतः या कामाचे.

तेव्हा हजार रुपयांचा डबा *खेळासाठी* घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो निम्म्या किमतीत मिळो की पाव किमतीत. २०२३ च्या आयपीएलच्या वेळी जिओने १२९९ रुपयांना 'जिओडाइव्ह' नावाचा असा डबा बाजारात आणला होता. सामना सभोवार पाहण्यासाठी तो होता आणि त्या कामापुरता ठीक होता. पण ज्या 'जिओसिनेमा'साठी तो प्रामुख्याने विकला, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये हॉटस्टारमध्ये मिसळून नावानिशी बदलले.

इथे सवलतीचा मुद्दा येतो. सवलत का दिली जाते? कधी स्पर्धेमुळे, कधी सणामुळे, आणि पुष्कळदा वस्तूचे दिवस भरल्यामुळे. कापसाचा भाव उतरला तर सरकी तीच राहते. पण या यंत्राचे तसे नाही. त्यातले खेळ, त्याची सुरक्षा, त्याचे चालू राहणेसुद्धा दूरच्या कंपनीच्या इच्छेवर अवलंबून असते. थोडा इतिहास पाहा. निन्टेन्डोचा लाल-काळ्या चित्रांचा 'व्हर्च्युअल बॉय' १९९५ मध्ये आला, किमती उतरवूनही खपला नाही आणि वर्षभरात बंद झाला. गूगलने २०१४ मध्ये आणलेल्या पुठ्ठ्याच्या 'कार्डबोर्ड'ची विक्री २०२१ मध्ये थांबवली. विंडोजच्या संगणकाला जोडायची यंत्रे अनेक नामवंत कंपन्यांनी काढली होती. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचा आधार काढून घेण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षीच्या विंडोजमध्ये तो खरोखरच उरला नाही. काच शाबूत, पडदा शाबूत, आणि यंत्र मात्र निरुपयोगी. अशी यंत्रे कोणी तुम्हाला फार स्वस्तात देऊ केली, तर ती स्वस्त का आहेत ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

किंमत खोडण्याची गंमतही ऐका. क्वेस्ट २ हे यंत्र २०२० मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आले. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने किंमत शंभर डॉलरने *वाढवली*. जून २०२३ मध्ये ती पुन्हा २९९ झाली, आणि ही झाली 'सवलत'! पुढे २४९, मग १९९, आणि २०२४ अखेर विक्रीच आवरती घेतली. खोडलेल्या आकड्याशी तुलना करून काही कळत नाही. तुलना करायची ती या प्रश्नाशी : हे यंत्र पुढे किती वर्षे चालवू असे कंपनी म्हणते, आणि बिघडले तर अकोल्यातून ते पाठवायचे कोठे?

महाग यंत्र घरी आलेच, तर आणखी काही गोष्टी ओघाने येतात. चिखलदऱ्याच्या घाटात एसटीत पुस्तक वाचणाऱ्याला मळमळते, कारण कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका सांगतात 'आपण वळतो आहोत' आणि पुस्तकावर खिळलेले डोळे सांगतात 'आपण स्थिर आहोत'. आभासी खेळात याच्या बरोबर उलटे होते : डोळे पळतात, कान बसून असतो. परिणाम तोच. म्हणून ज्या खेळात तुम्ही एका जागी उभे राहून फक्त हात हलवता, तो सुसह्य होतो. 'बीट सेबर' हा तालावर ठोकळे कापण्याचा खेळ याच कारणाने अनेकांना बाधत नाही. मोटारीच्या शर्यती बाधतात. विलंबाचाही हिशेब आहे. डोके सेकंदाला १०० अंश वेगाने वळले आणि चित्र ५० मिलिसेकंद मागे राहिले, तर ते ५ अंश चुकीच्या जागी दिसते. चांगल्या यंत्रात हा उशीर २० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवतात.

त्याखेरीज हवी दोन मीटर लांब-रुंद मोकळी जागा. आपल्या घरांत ती बहुधा पंख्याच्या बरोबर खाली असते, आणि खेळणारा हात वर करतो! शिवाय वऱ्हाडचे ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बॅटरी असलेली कोणतीही वस्तू तापते. पण या यंत्राला आणखी एक धोका आहे, आणि तो थंडीतही आहे. खिडकीत भिंगे सूर्याकडे करून ते ठेवले, तर भिंग आपले काम चोख करते. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळतो, तसा आतला पडदा जळतो. निर्माते याची सूचना देतात, ती वाचली जात नाही.

वयाचे बंधन हे काही पोकळ कारण नव्हे. सोनी आपल्या यंत्रासाठी १२ वर्षांची मर्यादा सांगते. मेटाने २०२३ मध्ये पालकांच्या नियंत्रणाखाली १० वर्षांपर्यंत परवानगी दिली. लहान मुलांच्या डोळ्यांतले अंतर कमी असते, आणि क्वेस्ट २ मध्ये भिंगांच्या तीनच जागा आहेत : ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. मोजपट्टी आरशाला लावून तुमचे अंतर मोजा. ते या आकड्यांपासून दूर असेल, तर तो चष्मा तुमच्यासाठी बनलेला नाही. शिवाय डोळ्यांपुढे सतत एक विसंगती असते : राक्षस अर्ध्या मीटरवर आला की बुबुळे आत वळतात, पण नेत्रभिंगाला मात्र दोन मीटरवरच्या प्रतिमेसाठीच समायोजन करावे लागते. अर्ध्या तासाने थांबावे.

शिक्षकांनाही एक विनंती. 'आभासी प्रयोगशाळा' म्हणून अशी दहा यंत्रे घेण्याचा प्रस्ताव शाळेत आला, तर आधी लोलक, भिंगे आणि प्रकाशपीठ प्रत्येक गटाला पुरतील इतकी आहेत का ते पाहा. खरे भिंग हातात धरलेले नसताना आभासी भिंग दाखवणे मला उलटे वाटते. ती असतील आणि पैसे उरत असतील, तर एक यंत्र घ्यावे, आणि त्यात काय दिसते याबरोबर ते कसे दिसते हेही मुलांना शिकवावे.

मग खेळायची हौस कशी भागवावी? चांगले यंत्र एकट्याने विकत घेण्याआधी कोठेतरी तासाचे पैसे देऊन खेळून पाहा. त्या तासात मळमळले, तर तुमचे वीस हजार वाचले. मळमळले नाही आणि घरच्यांना परवडत असेल, तर खुशाल घ्या; खेळणे हे काही कमी प्रतीचे कारण नाही.

आणि तो हजार रुपयांचा डबा कोणाकडे आधीच पडून असेल, तर त्याला व्हीटस्टन यांचे काम द्या. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठावरून पाहताना आपल्या दोन डोळ्यांतल्या ६.३ सेंटीमीटरचा समोरच्या कड्यापाशी जेमतेम ७ विकलांचा कोन होतो, म्हणून त्याची खोली डोळ्यांना पुरती जाणवत नाही. छायाचित्रकारांचा एक नियम आहे : चित्रातल्या सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग, एवढे अंतर दोन छायाचित्रांत ठेवावे. जवळची झाडे टाळून ३०० मीटरपासून पुढचा भाग चौकटीत घ्या, एक छायाचित्र काढा, कड्यापासून सुरक्षित राहून दहा मीटर बाजूला सरका आणि त्याच दिशेने दुसरे काढा. दोन्ही शेजारी लावून डब्यातून पाहा. तुमचे डोळे दहा मीटर अंतरावर असते तर लोणार जसे दिसले असते, तसे ते दिसेल. मग चित्रांची अदलाबदल करा, डाव्या डोळ्याचे उजवीकडे. थोडा वेळ डोळे स्थिर ठेवलेत तर खळगा हळूहळू फुगून टेकडी होऊ लागतो.