सर्टिफिकेटाची वेठ

मी धाराशिवात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. सकाळी कॉलेज, दुपारपासून रात्रीपर्यंत एका पेपरच्या कचेरीत 'इंटर्न'. बातम्या आणतो, टाइप करतो, मुद्रितं तपासतो. पगार शून्य. वरून ऐकवतात, 'अनुभव मिळतोय ना!'

अरे, हा अनुभव आमच्यात पिढीजात आहे! मयतीचा सांगावा घेऊन गावोगाव कोण धावायचं? महारच. मोबदला शिळी भाकर. आता तीही नाही, नुसतं सर्टिफिकेट.

फुकट राबणं परवडतं कुणाला? ज्याचा बाप खोलीभाडं अन् मेस भरतो त्याला. माझी माय कळंबकडं सोयाबीन काढती. मग खुर्चीपर्यंत पोचणार कोण? ऑक्सफॅम इंडिया अन् न्यूजलाँड्रीनं 2019 साली मोजलं : पाहणीतल्या वृत्तसंस्थांच्या 121 वरच्या जागांपैकी 106 सवर्णांकडं. दलित-आदिवासी? एकही नाही. ह्याला हे 'गुणवत्ता' म्हणतात!

संविधानाचं कलम 23 वेठीला बंदी घालतं. 1982 साली सुप्रीम कोर्टानं किमान वेतनाहून कमी देऊन राबवणं हीही वेठच ठरवली. बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' काढला तो आपण दुसऱ्यांची हमाली करावी म्हणून नव्हे.

तेव्हा मागा : कामाचा दाम, परीक्षेची सुट्टी, बातमीवर नाव. एकट्यानं नाही, सगळ्यांनी मिळून मागा. देत नसतील तर त्यांचा सांगावा त्यांनीच वाहावा!