पिशवी कुणाची काढायची आणि कुणाची वाचवायची?



मागच्या महिन्यात चुलतीला घेऊन पुण्याला गेलो होतो. स्टँडबाहेर एका खासगी दवाखान्याचा भलामोठा फलक होता : चिरफाड नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी. खाली गर्भाशयाचं चित्र. चुलतीला अक्षर लागत नाही, तिने विचारलं काय लिहिलंय. म्हटलं, पिशवीतल्या गाठीवर पिशवी न काढता इलाज करतात म्हणे. ती थोडा वेळ फलकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मंग माझी कामून काढली रं?"

चुलती बीड जिल्ह्यातली. ऊस तोडते. अठ्ठाविसाव्या वर्षी पिशवी काढली. अंगावरून जात होतं म्हणून दवाखान्यात गेली, डॉक्टरने सोनोग्राफीचा कागद हलवून सांगितलं, "ठेवली तर कॅन्सर होईल." मुकादमाकडून उचल वाढवून घेतली, ऑपरेशन झालं, आणि ती उचल फेडायला पुढचा हंगाम गेला.

आधी तो फलक काय सांगतो ते समजून घेऊ. या शाखेचं नाव इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी यांच्या पडद्यावर बघत बघत, मनगटातून किंवा जांघेतून दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रातून बारीक नळी रक्तवाहिनीत घालायची आणि रोगाच्या ठिकाणापर्यंत न्यायची. गर्भाशयातल्या गाठींसाठी ती नळी दोन्ही बाजूंच्या गर्भाशयाच्या धमन्यांत नेतात आणि वाळूसारखे बारीक कण सोडतात. गाठीचं रक्त तुटतं, ती काही महिन्यांत आकसते. पिशवी जागेवर राहते. पॅरिसच्या जॅक राविना या डॉक्टरांनी 1995 मध्ये हे जगासमोर मांडलं. गंमत अशी की आधी ते ऑपरेशनच्या पूर्वतयारीसाठी हे करत होते, म्हणजे रक्तस्राव कमी व्हावा म्हणून. पण बायकांना इतका आराम पडला की पुढचं ऑपरेशनच नको झालं.

या शाखेची सुरुवातही अशाच एका नकारातून झाली. 1964 साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये 82 वर्षांच्या एका बाईचा पाय सडत होता. सर्जन म्हणाले, कापावा लागेल. ती म्हणाली, कापू देणार नाही. मग चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने तिच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी नळी घालून आतून रुंद केली. पाय वाचला, बाई चालू लागली. डॉटरचं कौतुक करावं तेवढं थोडंच, पण मला त्या म्हातारीचा नकार जास्त मोलाचा वाटतो. ती नाही म्हणाली आणि समोरच्या डॉक्टरला ते ऐकावं लागलं.

चुलतीला नाही म्हणायची सोय होती का? 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीडचा आकडा आला. 82,309 ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली. शंभरात जवळपास सतरा. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटात हे प्रमाण साधारण तीन टक्के आहे. ऊसतोड कामगारांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, बौद्ध, मातंग आहेत, कोरडवाहू मराठेही आहेत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकीने पाळीत चार दिवस खाडा केला की दोघांचा पैसा कापला. कोपीला संडास नाही, न्हाणी नाही, पाणी दूर. अशा बाईला पिशवी म्हणजे अडचण वाटावी, अशीच ही व्यवस्था रचलेली आहे. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बिलावर बोलताना बाबासाहेबांनी बाईच्या विश्रांतीचा प्रश्न राष्ट्रहिताचा म्हणून मांडला होता, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा म्हटलं होतं. उसाच्या फडात ते अजून पोचलेलं नाही.

आता आपल्यातलेच काही शहाणे म्हणतील, मग द्या ना सगळ्यांना ही नळी. इतकं सोपं नाही. बीडच्या अनेक बायकांना गाठ नव्हतीच. साधा संसर्ग होता, पांढरं जात होतं. त्यांना लागत होत्या औषधाच्या गोळ्या आणि स्वच्छ संडास. नळीच्या उपचारालाही मर्यादा आहेत : पहिले काही दिवस चांगलंच दुखतं, काहींना पुन्हा उपचार लागतो, मूल हवं असेल तर नीट विचार करावा लागतो, कॅन्सरचा संशय असेल तर हा मार्गच नाही. मी यंत्राचा भक्त नाही. माझं म्हणणं एवढंच की एकाच शरीरावर औषध, नळी, फक्त गाठ काढणं आणि शेवटी पिशवी काढणं अशी पायऱ्यांची रांग असताना, आपल्या बाईला थेट शेवटच्या पायरीवर का उभं केलं जातं? अंडाशयही काढलं असेल तर तिशीत पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. हे तिला कुणी सांगितलं?

सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये राजस्थान, बिहार, छत्तीसगडच्या प्रकरणात अनावश्यक पिशव्या काढण्याविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना लागू करायला सांगितली. ते चांगलंच झालं. बीडमध्येही खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. पण परवानगी हा ब्रेक आहे, रस्ता नाही. परवानगी नाकारलेल्या, पण खरोखर गाठ असलेल्या बाईने जायचं कुठे?

आणि हा उपचार करणारे कोण? एमबीबीएस, मग रेडिओलॉजीची एमडी (जिच्या जागा गुणवत्ता यादीच्या वरच्या टोकालाच संपतात आणि खासगी कॉलेजात ज्यांची फी ऐकून छाती दडपते), मग डीएम. या शेवटच्या पायरीवर अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही. इंद्रा साहनी निकालात अतिविशेष वैद्यकीय शाखांना आरक्षण योग्य नाही असं म्हटलं गेलं, 1999 च्या प्रीती श्रीवास्तव निकालाने दार पक्कं बंद केलं. बीडचा आकडा गाजत होता त्याच 2019 सालच्या मे महिन्यात डॉ. पायल तडवी गेली. स्त्रीरोग शाखेची आदिवासी विद्यार्थिनी, आणि मागे राहिला जातीय छळाचा आरोप. फडातल्या बाईची भाषा ज्यांना कळते, त्यांना त्या खुर्चीपर्यंत पोचूच दिलं जात नाही. मग "मेरिट" कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढतं.

तर आपण करायचं काय? निषेधाच्या पोस्टी पुष्कळ झाल्या. आपापल्या जिल्ह्यात माहितीचा अधिकार टाका. मागच्या पाच वर्षांत चाळिशीच्या आतल्या किती बायकांच्या पिशव्या निघाल्या, सरकारी किती, खासगी किती. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात अँजिओग्राफीचं यंत्र आहे का, असेल तर हृदय सोडून दुसऱ्या कशासाठी ते वापरलं का. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत गर्भाशयाच्या धमन्यांच्या या उपचाराला किती रुपये, पिशवी काढायला किती, आणि आजवर पहिल्याचे किती दावे मंजूर झाले. मधुमेहाने पाय कापलेले किती, त्याआधी धमनी उघडायचा प्रयत्न किती जणांवर झाला. उत्तरं आली की मला पाठवा, एकत्र छापू.

चुलती यंदाही दसऱ्यानंतर टोळीबरोबर निघणार आहे. कंबर आणि गुडघे फार दुखतात, म्हणून येताना कॅल्शियमच्या गोळ्या आण म्हणालीय.